हिवाळी लंच राइड: २२ बाइक, ३१ माणसं आणि साडेतीनला मिळालेली भाकरी. यंदा कुठे आणि कसं जायचं?

सायलेन्सर_भाजका
राम राम मंडळी. पुण्यात आमचा बाइकवाल्यांचा ग्रुप आहे. क्लब म्हणायचं तर म्हणा, टीशर्ट आहेत पण घटना वगैरे काही नाही. दर जानेवारीत एका रविवारी सगळ्यांनी मिळून लांब कुठेतरी जेवायला जायचं आणि अंधार पडायच्या आत घरी, एवढीच काय ती परंपरा.

गेल्या वर्षी वाईला गेलो होतो. ठरलं होतं की कात्रजच्या नव्या बोगद्यातून हायवेने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर, मग आंबाडे, मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे वाईत उतरायचं. एक वाजता जेवण. प्रत्यक्षात सातला निघायचं ते सव्वाआठला निघालो. कापूरहोळला लीडवाला (रांगेत सगळ्यात पुढे असलेला) वळला आणि त्याच्या मागचे पाच-सहा वळले, मधल्या आठ जणांना वाटलं आपण हायवेच्या खंबाटकी घाटानेच चाललोय म्हणून ते नाकासमोर सरळ गेले, त्यांच्यामागचे फाट्यावर थांबून फोन लावत बसले. आमचे जुन्या येझदी बाइकवाले काका आणि स्वीपला (रांगेत सगळ्यात शेवटी) असलेला पोरगा कुठे गायब झाले ते कळलंच नाही. शेवटी सगळे (ते दोघे सोडून) वाईत एकत्र आलो सव्वा वाजता आणि ताट पुढ्यात आलं साडेतीनला. सांबराची वाटी संपत आली तरी डोसा येत नाही तसं झालं, इथे रस्सा होता आणि भाकरी नव्हती.

तर प्रश्न दोन. एक, एवढ्या लोकांना घेऊन जायची काही धड पद्धत आहे का? दोन, यंदा कुठे जावं? दीडशे किमीच्या आत, येऊन-जाऊन एका दिवसात.

रिझर्व्हला_लागलेला
पहिला! सविस्तर नंतर लिहितो, सध्या मीटिंगमध्ये आहे.

कात्रजकर
सातला निघायचं ठरवणं हीच पहिली चूक. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातच्या पुढे उगवतो. अंधारात थंडीत निघायला उत्साह लागतो आणि २२ जणांत तो चौघांकडे असतो. साडेआठला निघा, दोन तास सरळ चालवा, अकरापर्यंत पोचा. भोरच्या बाजूला सकाळी नीरेच्या खोऱ्यात धुकंही असतं, नऊनंतर उतरतं.

आणि फाट्यावर फोन कसले लावताय? साधी पद्धत आहे. लीड जिथे वळतो तिथे त्याच्या मागचा दुसरा माणूस थांबतो आणि स्वीप येईपर्यंत हात दाखवत उभा राहतो. स्वीप आला की तो त्याच्या पुढे सुटतो. पुढच्या वळणावर पुन्हा जो दुसरा असेल तो. यात कोणाला रस्ता माहीत असायची गरज नाही, फक्त लीड आणि स्वीपला.

मी_मागची
वरच्या पद्धतीत एक गोष्ट सांगायची राहिली. तो दुसरा माणूस थंडीत वीस मिनिटं उभा राहतो, त्याच्या मागे बसलेली बाई पण उभी राहते. तिला कोणी विचारत नाही :)

पिलियनची, म्हणजे मागे बसणाऱ्याची, बाजू मांडते. पुढचा माणूस टाकीला चिकटून, विंडशील्डमागे वाकून बसतो. मागची सीट वर असते, वारा थेट छातीवर आणि गुडघ्यांवर. त्यात माझ्या मांडीवर बॅग, बॅगेत सगळ्यांसाठी तिळाच्या वड्या, एका हातात मोबाइलवर मॅप, आणि पुढून प्रश्न, "थंडी वाजतेय का गं?" खेड शिवापूरच्या टोलनाक्याशी उतरले तेव्हा हेल्मेटचा पट्टा सोडता येईना. बोटं होती पण ती आपली आहेत असं वाटत नव्हतं. चहावालीने सोडून दिला पट्टा. तिने माझ्याकडे बघून जे "बया" म्हटलं ना, त्यात सगळं आलं.

सायलेन्सर_भाजका
@मी_मागची, नोंद घेतली आहे. (ही आमच्याच ग्रुपची आहे, आता घरी काय वाढून ठेवलंय देव जाणे. माझ्या.)

दोन_ठोके
आयडीवरून ओळखलं असेलच, मी टू-स्ट्रोकवाला. यामाहा आरएक्स १००, ९४ चं मॉडेल, एकहाती.

थंडीचा उपाय आमच्या वेळचा सांगतो. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं, चेन लावायची. वारा आत शिरत नाही. एक दमडीचा खर्च नाही. आणि पोचल्यावर त्याच पेपरवर वडापाव.

रिझर्व्हला_लागलेला
मराठी पेपर की इंग्रजी?

दोन_ठोके
रविवारचा. पुरवणी असते.

बीएस_सहा
काका लोकांचं काय ते चोक आणि पेपर :D माझ्याकडे फ्युएल इंजेक्शन आहे, बटण दाबलं की चालू, चोक कसला असतो ते यूट्यूबवर पाहिलंय. पण एक खरं की पहाटे टायरमध्ये हवा कमी दिसते. साधारण पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) धरा. आदल्या दिवशी भर दुपारी, ऊन खाऊन गरम झालेल्या टायरमध्ये हवा भरली की सकाळी दोन-तीन पीएसआय कमी भरते. सकाळी निघताना गार टायरमध्येच चेक करा. टायर गार असताना पहिले चार-पाच किमी जरा सांभाळून वळवा, विशेषतः ज्यांचे नवीन टायर आहेत त्यांनी.

शेताच्या_बांधावरून
तुम्हा पुण्याच्या लोकांना वाटतं थंडी हाच काय तो धोका. माझं गाव वाईच्या खाली, भुईंजकडे. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी चार हात बाहेर, मागचा दिवा ऊसाखाली गाडलेला, रिफ्लेक्टर असला तर नशीब. वळणावर पाचट आणि ऊस सांडलेला असतो, सकाळच्या दवात त्यावरून चाक गेलं की काही कळायच्या आत माणूस आडवा. आणि परत येताना पोट भरलेलं, ऊन कललेलं, सहा-सव्वासहाला अंधार. त्या वेळेला ट्रॉलीच्या मागे बाइक घुसलेल्या मी स्वतः दोनदा बघितल्यात. म्हणून म्हणतो जेवण उशिरा झालं हा विनोद नाही, त्याने परतीचा प्रवास अंधारात जातो.

कात्रजकर
+१००. आणि येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचा उतार. जेवून आलेल्या माणसाने तिथे जरा जास्तच जागं राहावं.

पौर्णिमा_बघा
मांढरदेवीवरून जाणार असाल तर कॅलेंडर बघून जा. पौष पौर्णिमेला काळूबाईची यात्रा असते, आणि त्या आधी-नंतरही गर्दी असते. घाट अरुंद, एसट्या, टेम्पो, चालत निघालेली माणसं. जानेवारी २००५ मध्ये तिथे चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली, ते आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. त्या दिवसांत टीशर्ट घालून वीस बाइक घेऊन त्या रस्त्याला मिरवू नका एवढंच.

एकटाच_बरा
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. वीस-पंचवीस बाइक एका रांगेत म्हणजे राइड नव्हे, वरात आहे. फक्त नवरदेव कोण ते ठरलेलं नसतं. भोरच्या बाजारपेठेतून तुम्ही लोक गेलात की दहा मिनिटं कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. त्यात निम्म्यांचे सायलेन्सर पोकळ केलेले. रविवारी सकाळी गावातली म्हातारी माणसं उन्हाला बसलेली असतात, त्यांना तुमच्या एक्झॉस्ट नोटचं काय कौतुक? जेवायलाच जायचं तर चौघं जा, गपचूप जा.

बुलेट_बंडोपंत
चौघांनी जायला ग्रुप कशाला काढायचा मग? आमच्यात सगळे कंपनीच्याच सायलेन्सरवर आहेत. तुम्ही एकाने केलं म्हणून सगळ्यांना झोडताय.

एकटाच_बरा
एकाने? आयडी बघा स्वतःचा.

बुलेट_बंडोपंत
बुलेट कंपनीतूनच तशी वाजते हो. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

सायलेन्सर_भाजका
धाग्याचा काश्मीर करू नका रे. सायलेन्सर बदललेल्यांना यंदा आम्ही घेत नाही, हे ठरलंय. माझ्या आयडीचा संबंध वेगळा आहे. बोटं गारठली म्हणून ग्लोव्ह्ज घातलेला हात सायलेन्सरला लावला होता. ग्लोव्हचा तळवा अजून तिथेच आहे.

पोपटीवाला_रोहेकर
जागेचं मी सांगतो. ताम्हिणी उतरून आमच्याकडे रायगडात या, पोपटी खायला. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, वर परत पाला दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, पेंढा रचून पेटवायचं. झालं का ते कसं बघतात? मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारायचे, चर्र झालं पाहिजे. मडकं उलटं करून पाला काढला की जो वास सुटतो त्यासाठी मुंबईचे लोक गाड्या घेऊन येतात. भांबुर्डा नसेल तर ती पोपटी नाही, नुसत्या उकडलेल्या शेंगा.

कात्रजकर
पण पोपटी रात्रीची ना? शेकोटी, गप्पा, अंगावर शाल. भर दुपारी एक वाजता घाम पुसत पोपटी खाण्यात काय मजा? आणि रात्री ताम्हिणी चढून परत यायचं म्हणजे कहर.

पोपटीवाला_रोहेकर
मुक्काम करा की! अंगण मोठं आहे. (लंच म्हटलंय हे वाचलं मी, पण बोलावल्याशिवाय राहवत नाही.)

हुरडा_पार्टी
दुपारचंच हवं तर हुरडा. सासवड-मोरगाव किंवा सोलापूर रोड कुठेही जा. सरळ रस्ता, घाट नाही (सासवडला दिवेघाट आहे तेवढाच), पार्किंगला अख्खं शेत. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी, त्यात सुरती ज्वारीची कणसं खुपसलेली. भाजणारा कणीस बाहेर काढतो आणि गरम गरम दोन तळव्यांमध्ये चोळतो, आपल्याला एक सेकंद धरवत नाही आणि त्याच्या हाताला काही होत नाही. मग फुंकर, कोंडा उडाला की हिरवे दाणे तुमच्या ओंजळीत. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. मुख्य म्हणजे ३१ माणसं आली काय नि ५० काय, कणसं भाजत राहतात, पहिला आला तो खायला लागतो. कोणी कोणासाठी थांबत नाही.

मी_मागची
हुरड्याला माझं मत. बसायला खाट असते, आणि आगटीवर हात शेकता येतात.

बीएस_सहा
हुरडा स्टार्टर आहे. जेवण कुठाय?

हुरडा_पार्टी
अरे मागून पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत असतं की. तू खाऊन तर बघ, जेवणापर्यंत पोचत नाहीस. हुरड्यावर लगेच ढसाढसा पाणी पिऊ नको फक्त, मग बाइकवर पोट धरून बसशील.

म्युनिकचा_मावळा
जळवा अजून. आमच्याकडे जर्मनीत कित्येक जण बाइकला सीझनची नंबरप्लेट घेतात, तिच्यावर महिने छापलेले असतात, ०४ ते १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. माझी आत्ता तळघरात चार्जरला लावलेली आहे, रविवारी जाऊन तिच्यावरचं कापड नीट करून येतो. तरी इथेही येडे आहेत. एलेफांटेनट्रेफेन म्हणून बाइकवाल्यांचा मेळावा भरतो, १९५६ पासून, आता बव्हेरियाच्या जंगलात बर्फात तंबू ठोकून राहतात, साइडकार घेऊन येतात. मी एकदा कारने बघायला गेलो. कारने. तुम्ही दहा डिग्रीत माकडटोपी घालून थंडी थंडी करताय.

दोन_ठोके
दहाला नावं ठेवू नका, पुण्यात १९३५ च्या जानेवारीत १.७ पर्यंत उतरला होता पारा.

रिझर्व्हला_लागलेला
काका, तेव्हा कुठली बाइक होती तुमच्याकडे?

वाईची_सून
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. सासर वाई, आणि माझ्या चुलत सासूबाईंची खानावळ होती, वीस वर्षं मी जवळून बघितलीय. तुमची भाकरी साडेतीनला का आली ते सांगते. त्याचा कापूरहोळच्या फाट्याशी फार संबंध नाही.

एक भाकरी थापून, तव्यावर पाणी फिरवून, उलटून, निखाऱ्यावर फुगवून उतरेपर्यंत हात चांगला असला तरी तीन मिनिटं धरा. तुम्ही एकोणतीस-तीस माणसं, थंडीत बाइकवरून आलेली, म्हणजे माणशी अडीच तर कुठेच गेली नाही. झाल्या पाऊणशे भाकऱ्या. एका तव्यावर पावणेचार तास. दोन चुली असतील तर दोन तास. सव्वा वाजता आलात ना? मिळवा दोन तास. आणि ही भाकरी सकाळी करून ठेवली तर तुम्हीच म्हणाल गार दिली.

मटण काय, सकाळीच शिजलेलं असतं, ते पातेल्यात असतं. अडतं ते भाकरीवर. आता मला सांगा, ते आठ जण हायवेने आधी पोचले होते ना? ते किती वाजता पोचले आणि काय करत होते?

सायलेन्सर_भाजका
पावणेअकरा :(
हॉटेलबाहेर उभे होते. "सगळे आल्यावर ऑर्डर देऊ" म्हणून.

वाईची_सून
अगं आई गं. अडीच तास! त्यांनी आत जाऊन नुसतं "बाराला आठ बसतो, एकला बावीस येतील" एवढं सांगितलं असतं तर बाईंनी पीठ मळून शेजारणीला हाकारली असती. आदल्या दिवशी फोन केला असता तर अजूनच बरं. आणि थाळी एकच ठरवा. तीसजणांत चार "मला पोळी", दोन "मी रविवारी मटण खात नाही", एक "तिखट कमी", तिथे स्वयंपाकघर बसतं.

थांबायचंच होतं तर मेणवलीला तरी जायचं ना, वाईपासून तीन किमी. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि ती वसईहून आणलेली चर्चची घंटा, १७०७ साल आहे तिच्यावर. पार्किंगमध्ये उभं राहून काय मिळालं?

एकटाच_बरा
भाकरीचं गणित पटलं. मी म्हणत होतो ते हेच की, चौघं गेलात तर दहा भाकऱ्या.

कात्रजकर
किंवा २२ जण चार तुकड्यांत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या फरकाने. रस्त्यावर पाच-सहाच बाइक एकत्र दिसतील, भोरची म्हातारी माणसंही खूश, वळणावर कोणी हरवणार नाही, आणि चूल सलग चालू. पहिली तुकडी उठली की दुसरी बसते, पंगतीसारखं. कधीपासून आपण पंगत वाढतोय, हे सुचायला हवं होतं राव.

बुलेट_बंडोपंत
मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं काय झालं? फोटो?

मी_मागची
फोटोसाठी गेल्या वर्षी तीसजण उपाशी उभे होतो. फोटोत बघ, एकजण हसत नाहीये.

येझदी_७८
नातवाने धागा दाखवला म्हणून आयडी काढून लिहितो आहे. तो गायब झालेला येझदीवाला मीच.

कापूरहोळच्या पुढे भोर रोडला स्पार्क प्लग गेला. टू-स्ट्रोकला थंडीत हळू हळू चालवलं की प्लगवर काजळी धरते, आणि तुमच्या त्या रांगेत पन्नासच्या वर जाताच येत नव्हतं. बाकीचे पुढे गेले, स्वीपचा मुलगा थांबला माझ्यासोबत, बिचारा. त्याला म्हटलं प्लग काढतो, तू पॉलिश पेपर शोध. त्याला पॉलिश पेपर माहीत नव्हता. मग रस्त्याकडेला एक घर होतं तिथे पाणी मागायला आणि काहीतरी खरखरीत मागायला गेलो. त्या माउलीने काडेपेटी दिली, तिच्या कडेवर प्लग घासला. टिकलर (कार्ब्युरेटरवरचं बटण) दाबून पेट्रोल आणलं, लिव्हर आत दाबून किकला घेतली (आमच्या गाडीला गिअरचा आणि किकचा लिव्हर एकच, तो मुलगा बघतच राहिला), दुसऱ्या किकला चालू.

तोवर पावणेबारा वाजले होते. ती म्हणाली आता जेवूनच जा. अंगणात बसलो. बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, पावट्याची उसळ, कांदा बुक्कीने फोडलेला. सव्वाबाराला जेवण झालं. मुलगा तीन भाकऱ्या जेवला आणि खाटेवर उन्हात झोपला. दोनला उठवलं, चारच्या आत घरी.

सायलेन्सर_भाजका
काका!!! आम्ही तुम्हाला अठरा फोन केले होते!

येझदी_७८
फोन डिकीत होता. गाडीला पाणी लागू नये तसं फोनलाही थंडी लागू नये म्हणून ठेवला होता.

बीएस_सहा
काका ते घर नेमकं कुठे? लोकेशन टाका ना, यंदा सगळे तिकडेच जाऊ.

येझदी_७८
३१ जण गेलात तर ती माउली दार लावून माहेरी जाईल. लोकेशन मिळणार नाही.

वाईची_सून
काका बरोबर बोलले.

सायलेन्सर_भाजका
बरं, ठरलं. यंदा हुरडा, मोरगावच्या बाजूला. चार तुकड्या, पहिली साडेआठला हडपसरहून, बाकीच्या अर्ध्या अर्ध्या तासाने. आदल्या दिवशी फोन, थाळी एकच, पोळी मागणाऱ्याने घरून डबा आणावा. साडेतीनला परत फिरायचं, ट्रॉल्यांच्या आत. काका पहिल्या तुकडीत, त्यांचा वेग तो सगळ्यांचा, आणि साठच्या खाली यायचं नाही म्हणजे प्लग साफ राहील. पंक्चर किट कोण आणतंय? आणि एक पॉलिश पेपर.

रिझर्व्हला_लागलेला
मीटिंग संपली. सविस्तर लिहायला आलो होतो पण सगळं झालेलं दिसतंय. मी चौथ्या तुकडीत. पेट्रोल पंपावर थांबायला लागेल जरा.